तोंड महिनाभर बरं होत नसेल तर: किशोरवयातला पेम्फिगस वेळेत ओळखताना

घरातल्या मुलाच्या तोंडात फोड आले की मोहने-आंबिवलीपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पहिलं वाक्य एकच असतं, "तोंड आलंय, उष्णता झाली असेल." मग तूप लावून होतं, ज्येष्ठमध चघळून होतो, तुरटीच्या गुळण्या होतात. मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं जेल येतं. बहुतेक मुलांचं तोंड आठ-दहा दिवसांत बरं होतं आणि विषय तिथेच संपतो. हा लेख उरलेल्या मोजक्या मुलांसाठी आहे. त्यांचं तोंड महिना उलटला तरी बरं होत नाही, जेवण सुटतं, वजन उतरतं आणि एके दिवशी छातीवर, पाठीवर किंवा डोक्यात पाण्याचे फोड दिसू लागतात.

अशा वेळी पेम्फिगस व्हल्गॅरिस या आजाराचा विचार व्हायलाच हवा. हा आजार मुळात दुर्मीळ आणि मुख्यतः मोठ्यांचा. भारतात तो पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात, चाळिशीच्या आसपासही दिसतो. पण बारा ते अठरा या वयात तो इतका क्वचित आढळतो की पटकन कुणाच्या मनातच येत नाही. कधी नागिणीच्या जातीचा विषाणू, कधी बुरशी, कधी साधं तोंड येणं, अशी निदानं बदलत राहतात आणि त्यात महिने जातात. निदानाला लागणारा हा वेळ कमी करणं घरच्यांच्या हातात बऱ्याच अंशी आहे.

आत काय बिघडतं

त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी डेस्मोग्लिन नावाच्या प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात. पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती याच प्रथिनांवर उलटते. प्रतिपिंडं तयार होतात, पेशींची पकड सुटते आणि मधल्या फटीत पाणी साचून फोड येतो. फोडाचं छत अगदी पातळ असतं, त्यामुळे तो लवकर फुटतो आणि ओली, दुखरी, सहज न भरणारी जखम मागे राहते. तोंडात डेस्मोग्लिन ३ महत्त्वाचं, तर अंगावरच्या त्वचेत डेस्मोग्लिन १ आणि ३ दोन्ही. म्हणूनच बऱ्याच रुग्णांमध्ये आजाराची सुरुवात तोंडात होते आणि अंगावरचे फोड कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येतात.

हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, कपडे वापरल्याने किंवा शेजारी झोपल्याने तो कुणालाही होत नाही. ही गोष्ट शेजाऱ्यांना आणि शाळेला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावी.

स्टिरॉइड औषधं येण्याआधी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. १९५०च्या दशकात स्टिरॉइड मिळू लागली आणि चित्र पालटलं. रुग्णांच्या रक्तात त्वचेविरुद्धची प्रतिपिंडं असतात हे १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी दाखवलं. भारताचा वाटाही मोठा आहे. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'पल्स थेरपी' सुरू केली. डेक्सामेथासोनचा मोठा डोस सलग तीन दिवस शिरेतून द्यायचा, त्याला सायक्लोफॉस्फमाइडची जोड द्यायची आणि दर २८ दिवसांनी हे चक्र पुन्हा करायचं. देशभरातल्या सरकारी रुग्णालयांतल्या असंख्य रुग्णांना या पद्धतीने आधार दिला.

प्रत्येक फोड पेम्फिगसचा नसतो

घाबरून जाण्याआधी नेहमीची कारणं तपासावीत. कांजण्यांमध्ये ताप येतो आणि बारीक फोड टप्प्याटप्प्याने अंगभर उठतात. नागीण शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते आणि ठणकते. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती जमणारा काळा-केशरी लहान किडा अंगावर चिरडला गेला की रेघेसारखा, भाजल्यागत फोड उठतो. घरोघरी त्याला "कोळी मुतला" म्हणतात, पण त्यात कोळ्याचा काही संबंध नसतो आणि तो फोड आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. जंतुसंसर्गाच्या फोडांवर मधाच्या रंगाची खपली धरते.

दुर्मीळ आजारांतही प्रकार आहेत. कोपर, गुडघे आणि नितंबांवर प्रचंड खाजणारे बारीक फोड वारंवार येत असतील, तर गव्हातल्या ग्लुटेनशी संबंधित डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिसची शक्यता असते. जन्मापासून किंवा लहानपणापासून जरा घासलं की फोड येत असतील, तर एपिडर्मोलायसिस बुलोसा हा जनुकीय आजार असू शकतो. त्याची वाट वेगळी, उपचारही वेगळे. जर्मनीतल्या बोखुम इथे २०१५ मध्ये सात वर्षांच्या एका निर्वासित मुलाची सुमारे ८० टक्के त्वचा जनुकदुरुस्ती केलेल्या पेशींपासून वाढवून बदलण्यात आली. तो याच गटातला रुग्ण होता.

एक प्रकार मात्र घरी थांबून पाहण्याचा नाही. फिट्सची, संधिवाताची किंवा सल्फाची नवी गोळी सुरू झाल्यावर चार दिवस ते चार आठवड्यांच्या आत ताप आला, डोळे लाल झाले, ओठ-तोंड सोलवटलं आणि कातडी पापुद्र्यासारखी सुटू लागली, तर ती स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमची लक्षणं असू शकतात. नवी गोळी ताबडतोब बंद करावी, तिची पट्टी सोबत घ्यावी, १०८ला फोन करावा आणि मोठं रुग्णालय गाठावं. कातडी किती सुटली आहे हे डॉक्टरांना सांगण्याची सोपी रीत आहे: रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का.

पेम्फिगसकडे बोट दाखवणारी लक्षणं अशी आहेत. तोंडातल्या जखमा तीन-चार आठवड्यांत न भरणं, त्या हिरड्या, गालांची आतली बाजू आणि टाळा अशा अनेक ठिकाणी असणं, अंगावरचे फोड मऊ आणि लगेच फुटणारे असणं, खाजेपेक्षा आग आणि दुखणं जास्त असणं, आवाज बसणं किंवा घास गिळताना दुखणं. त्वचारोगतज्ज्ञ फोडाच्या बाजूची वरवर चांगली दिसणारी कातडी बोटाने हलकेच सरकवून पाहतात. ती सुटली तर त्याला निकोल्स्की चिन्ह म्हणतात. रशियन डॉक्टर निकोल्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते नोंदवलं. घरी मात्र हा प्रयोग करू नये, जखम वाढते.

दोन बाटल्यांची गोष्ट लक्षात ठेवा

निदान डोळ्यांनी पक्कं होत नाही, त्यासाठी बायोप्सी लागते. या शब्दाला लोक घाबरतात, कारण तो कर्करोगाशी जोडलेला आहे. इथे बायोप्सी म्हणजे सुन्न करणारं इंजेक्शन देऊन तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढणं आणि एखादा टाका घालणं. मूल त्याच दिवशी घरी येतं, टाका आठ-दहा दिवसांत निघतो.

तुकडे मात्र दोन लागतात. पहिला ताज्या, लहान फोडाच्या कडेचा. तो फॉर्मलिनच्या बाटलीत जातो आणि पेशी कुठल्या पातळीवर सुटल्या ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतो. दुसरा तुकडा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा. तो फॉर्मलिनमध्ये चालत नाही. त्याला मिशेल्स मीडियम नावाचं वेगळं द्रावण लागतं किंवा तो सलाइनमध्ये ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. त्यावर डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्स ही तपासणी होते. पेम्फिगस असेल तर पेशींच्या कडांना चिकटलेली प्रतिपिंडं मासेमारीच्या जाळ्यासारखी हिरवी चमकताना दिसतात.

दोन्ही तुकडे फॉर्मलिनमध्ये टाकले गेले तर दुसरी तपासणी वाया जाते आणि मुलाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. म्हणून तुकडा घेण्याआधी, संकोच न करता, विचारा, "डॉक्टर, इम्युनोफ्लुओरेसन्सचा तुकडा वेगळ्या बाटलीत जाणार ना?" रक्तात डेस्मोग्लिन १ आणि ३ची प्रतिपिंडं मोजणारी एलायझा तपासणीही असते. निदानाला तिची मदत होते आणि पुढे आजार आटोक्यात येतोय का तेही आकड्यात कळतं.

दवाखान्यात जाण्याआधी दोन कामं घरीच करता येतात. पेम्फिगसचा फोड तासाभरातही फुटू शकतो, त्यामुळे ताजा फोड दिसला की उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि पहिल्या दिवसापासून वापरलेली सगळी औषधं, मलमाच्या रिकाम्या ट्यूबसुद्धा, एका पिशवीत घाला.

ट्यूबांचं महत्त्व मोठं आहे. पावसाळ्यात गजकर्ण आणि खाज वाढली की मेडिकलमधून स्टिरॉइड, बुरशीविरोधी आणि प्रतिजैविक असं तिन्ही एकत्र असलेलं मलम सर्रास घेतलं जातं. २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टिरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. अशा मलमाने फोड काही दिवस दबतात, पुन्हा उसळतात आणि बायोप्सीचं चित्र पुसट होतं. नागीण उतरवणाऱ्याकडे जाऊन फोडांवर गेरू किंवा काव लावून घेतली तरी असाच घोळ होतो, वर ओल्या जखमेत जंतू शिरतात. पेम्फिगसमध्ये जिवाला धोका प्रामुख्याने जंतुसंसर्गातून असतो.

मोहन्याहून कुठे जायचं

सुरुवात जवळूनच करावी. कल्याण पश्चिमेला कल्याण-डोंबिवली महापालिकेचं रुक्मिणीबाई रुग्णालय आहे, डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालय. त्वचारोगाची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून निघावं. खासगीत जायचं तर त्वचारोगात एमडी किंवा डीव्हीडी झालेल्या डॉक्टरांकडेच जावं.

दुर्मीळ आजाराची शंका आली की मात्र वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठणं शहाणपणाचं. तिथे त्वचारोग, पॅथॉलॉजी, बालरोग, नेत्र आणि दंत असे विभाग एका आवारात किंवा हाकेच्या अंतरावर असतात. आंबिवलीहून कल्याणला उतरून स्लो लोकल पकडली की मार्ग सरळ आहे. कळव्याला ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शीवला लोकमान्य टिळक रुग्णालय, परळला केईएम. ओपीडी सकाळची असते, केसपेपरची रांग मोठी असते. तोंडात जखमा असलेल्या मुलाला गर्दीच्या वेळी उभ्याने नेण्यापेक्षा पहाटेची गाडी बरी. सोबत थंड दूध किंवा पेजेचा थर्मास असू द्या.

खर्चाचा विचार पहिल्याच भेटीत करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो, आणि १५५३८८ या क्रमांकावरही माहिती मिळते. कुठले उपचार आणि कुठलं इंजेक्शन योजनेत बसतं हे दाखल होण्याआधी विचारून घ्यावं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावं, मुलाचं नाव रेशनकार्डावर नसेल तर ते काम आधी उरकावं. घरातल्या कुणाचा ईएसआय कापला जात असेल तर त्या दवाखान्यातूनही पुढे पाठवलं जातं.

उपचार: कोरडं झालं म्हणजे संपलं नाही

पहिलं लक्ष्य नवे फोड थांबवणं. त्यासाठी बहुधा प्रेडनिसोलोनने सुरुवात होते, डोस मुलाच्या वजनावर ठरतो. स्टिरॉइड लवकर कमी करता यावं म्हणून सोबत अॅझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेटसारखं दुसरं औषध जोडतात. अॅझाथायोप्रिन काहींच्या रक्तपेशी झपाट्याने कमी करतं, त्यामुळे पहिल्या महिन्यांतल्या रक्ततपासण्या चुकवू नयेत.

रिटुक्सिमॅब या औषधाने गेल्या काही वर्षांत उपचारांची दिशा बदलली. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशींवर ते काम करतं. फ्रान्समध्ये ९० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांनंतर कोणतंही औषध न घेता पूर्ण बरे असलेले रुग्ण रिटुक्सिमॅबच्या गटात ८९ टक्के होते, फक्त स्टिरॉइडच्या गटात ३४ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मोठ्यांमधल्या पेम्फिगससाठी त्याला मान्यता दिली. किशोरवयीन मुलांमध्ये ते तज्ज्ञांच्या निर्णयाने वापरलं जातं. भारतात बनलेली रिटुक्सिमॅबची आवृत्ती मिळत असल्याने खर्च मूळ औषधापेक्षा कमी येतो. ते देण्याआधी हिपॅटायटिस बी, क्षयरोग आणि एचआयव्हीच्या तपासण्या होतात. राहिलेल्या लशींबद्दलही तेव्हाच विचारावं, कारण नंतर जिवंत विषाणूंच्या लशी चालत नाहीत.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत आईवडिलांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा: औषधाचा पुढे मूल होण्यावर काय परिणाम होईल? सायक्लोफॉस्फमाइडने मुलगा असो वा मुलगी, प्रजननक्षमतेला धोका पोचू शकतो. म्हणूनच कुटुंब पूर्ण न झालेल्या रुग्णांमध्ये पल्स थेरपीत ते टाळून अॅझाथायोप्रिनची जोड देण्याची पद्धत रुळली. मायकोफेनोलेट गर्भाला घातक असतं. मुलीची पाळी कधी सुरू झाली, नियमित येते का, हे डॉक्टरांना मोकळेपणी सांगावं. लाजेपायी या गोष्टी राहून जाऊ नयेत.

स्टिरॉइडने चेहरा गोल होतो, भूक वाढते, मुरुमं येतात, रक्तदाब आणि साखर चढू शकते, डोळ्यांवर आणि हाडांवर परिणाम होतो, वाढत्या वयात उंचीची गती मंदावू शकते. म्हणून उंची, वजन आणि रक्तदाब नोंदवत राहावं, डोळे तपासून घ्यावेत, सांगितलेलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यावं. हे सगळं पाहून मुलं, विशेषतः दहावी-बारावीच्या वयातल्या मुली, गुपचूप गोळ्या सोडतात. बरेच दिवस चाललेलं स्टिरॉइड एकदम थांबलं तर शरीर स्वतःचं स्टिरॉइड लगेच तयार करू शकत नाही. उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं असा जिवावरचा प्रसंग येतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, पायरीपायरीने. गणपतीला किंवा मेच्या सुटीत गावी जाताना गोळ्या मोजून, चार दिवसांच्या जास्तीच्या घेऊन निघा.

घरची शुश्रूषा

जखमा रोज स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवाव्यात, टिपून कोरड्या कराव्यात, पुसू नये. डॉक्टरांनी पोटॅशियम परमँगनेटचं पाणी सांगितलं असेल तर ते फिकट गुलाबी असावं. न विरघळलेला खडा त्वचा भाजतो. मोठा फोड साचला तर त्यातलं पाणी नर्सकडून काढून घ्यावं, वरची कातडी सोलू नये, ती जखमेवरचं झाकण असते.

रात्री चादर जखमेला चिकटणं हा सगळ्यात मोठा त्रास. इथे केळीचं पान खरोखर उपयोगी पडतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचा अभ्यास केला आणि तो २००३ मध्ये 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पान गुळगुळीत, मेणचट असतं, जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही आणि स्वस्त पडतं. देशातल्या त्वचारोग विभागांतही फोडांच्या रुग्णांना केळीच्या पानावर झोपवण्याची रीत आहे. घरी वापरायचं तर ते निर्जंतुक कसं करायचं हे वॉर्डातल्या नर्सकडून शिकून घ्या. झाडावरून तोडलेलं पान तसंच जखमेवर ठेवू नये.

जेवणात मऊ भात, मुगाची खिचडी, थंड दूध, उकडलेलं अंडं कुस्करून, वरण, दह्यातला भात. तिखट, फरसाण, चकली, टोस्ट, फार गरम चहा आणि आंबट पदार्थ जखमा भरेपर्यंत बंद. फोडांतून प्रथिनं वाहून जातात, म्हणून डाळ, अंडी आणि पनीर यांचं प्रमाण वाढवावं. दात घासणं सोडू नये, लहान मुलांचा मऊ ब्रश वापरावा. जिभेवर पांढरा थर आला तर ती बुरशी असू शकते, लगेच दाखवावी. औषधं चालू असताना १०० अंशांवर ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात जावं. स्टिरॉइडखाली ताप दबूनही राहतो, त्यामुळे जखमेला वास, पू किंवा मुलाची अचानक मरगळ हीसुद्धा धोक्याचीच खूण समजावी.

शाळेला डॉक्टरांचं पत्र द्यावं. आजार संसर्गजन्य नाही, दप्तराचा पट्टा खांद्याला घासू नये, पीटीतून काही महिने सूट हवी, एवढं त्यात असलं तरी पुरे. या वयात चेहऱ्यावरचा डाग फोडापेक्षा जास्त दुखतो. मूल आरसा टाळू लागलं, मित्रांचे फोन घेईना, तर तेही उपचारात धरा. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत समुपदेशकाशी बोलता येतं.

फोड थांबले, जखमा भरल्या, गोळ्या सुटल्या, तरी पेम्फिगस पुन्हा डोकं वर काढू शकतो. बायोप्सीचे अहवाल, डेस्मोग्लिनचे आकडे, रिटुक्सिमॅबच्या तारखा आणि फोटो एकाच फाइलमध्ये जपून ठेवा. हिरडीवर एक जरी नवी जखम आठवडाभर टिकली, तर ती फाइल घेऊन त्याच आठवड्यात त्याच विभागात जा. सुरुवातीलाच दाखवलेला उलटलेला आजार बहुतेकदा कमी औषधांत आवरतो.